तुम्ही विचारलंत म्हणून: मामा पायथन दोनवर का अडकला

"मामा, पायथन तीन 2008च्या डिसेंबरात आलं. तुम्ही 2019पर्यंत दोनवरच? आळस की भीती?" मे महिन्यात पुण्याहून येणारा प्रत्येक भाचा आमरस ओरपताना हे विचारतो. (पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा; दोन आणि तीन या तिच्या आवृत्त्या.) दोन्ही, बाबांनो. पण एकदा नीट ऐका.

रत्नागिरीतल्या एका आंबा खरेदीदाराचा हिशोब दोनच्या 2.7 या आवृत्तीत मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालायचा. भाव डझनाचा. फळांना बाराने भागलं की डझन, बाकी उरतील ती सुटी. दोनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच: 59 फळं म्हणजे 4 डझन, 11 सुटी. वर्षानुवर्षं बिनबोभाट.

1 जानेवारी 2020ला दोनचा आधार, म्हणजे अधिकृत दुरुस्त्या, संपणार होता. (मुळात 2015लाच संपायचा, पाच वर्षं वाढवून मिळाली होती. तीही मी घालवली.) म्हणून 2019च्या एप्रिलात, हो, ऐन हंगामात, टू-टू-थ्री हे रूपांतराचं टूल चालवलं. त्याने छापायच्या प्रिंट या आज्ञेला कंस घातले, आणखी चार गोष्टी बदलल्या. मी 60 फळांची पट्टी, म्हणजे खरेदीच्या हिशोबाचा कागद, काढून बघितली. पाच डझन, रक्कम चोख. घरी जाऊन जेवलो.

चौथ्या दिवशी पावसचे एक काका पट्टी घेऊन दारात. 59 फळं, 600 रुपये डझन. पट्टीवर 4 डझन, 11 सुटी. बरोबर. खाली रक्कम 3500.

"काय रे, माझे 2950 होतात. हे साडेपाचशे कसले?"

पट्टी हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. तीनमध्ये तोच भागाकार 4.9166 देतो. छापताना दशांश गळत होते म्हणून कागदावर 4, पण भावाशी गुणाकार होत होता 4.9166चा. म्हणजे तीच अकरा फळं एकदा डझनात आणि पुन्हा सुट्यांत. कुठे एरर नाही, काही नाही. आणि तपासायला मी घेतली होती नेमकी 60!

काकांनी पैसे परत केले. बाकी कोणी फिरकलं नाही. फरक माझ्या बिलातून कापला गेला.

टूलने भागाकार का नाही बदलला? आकडा पूर्णांक आहे की नाही, हे नुसता कोड वाचून त्याला कळत नाही. म्हणजे दोष भाषेचाच, असं मी दोन वर्षं सांगत फिरलो. पण पूर्णांकी भागाकाराचं // हे चिन्ह 2.2पासून होतं. फाइलच्या डोक्यावर एक ओळ टाकली असती तर तीनचा भागाकार दोनमध्येच चालवून बघता आला असता. ती ओळ मला माहीत होती.

आणि तीनचं देणंही आहे. दोनमध्ये साध्या स्ट्रिंगमधल्या (म्हणजे मजकुरातल्या) 'आंबा'ची लांबी यायची 12, कारण ते चिन्हं न मोजता ती साठवायला लागणारे बाइट मोजायचं, तीनमध्ये 4: आ, अनुस्वार, ब, काना. पट्टीवर बागायतदारांची नावं कापली जाऊन शेवटी चौकोन उमटायचे, ते गेले. आता तुटलीच तर एखादी वेलांटी तुटते. तरी जुनं मोडायला नको होतं, असं मला आजही वाटतं. कधी कधी नाही वाटत.

वजनकाट्याशेजारच्या कंप्युटरवर अजून 2.7च आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही. निदान आंबा संपेपर्यंत.