हिचं नाव

गुरुवार, रात्री

आज पी-डे, म्हणजे आम्हा मिशनऱ्यांचा घरकामाचा दिवस. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नॉवूला मॉर्मन चर्चच्या मिशनवर आलोय आम्ही दोघं. कपड्यांची दोन मशीनं लावली, नदी ओलांडून किओककला वॉलमार्टात जाऊन आलो, मुलाचा फोन झाला. नातीने नवीन बूट दाखवले. सगळं दर आठवड्यासारखंच, पण डोकं कालच्या त्या दोरीत अडकलंय ते निघेना.

झालं एवढंच. जुन्या काळची कामं पाहुण्यांना करून दाखवतात त्या फॅमिली लिव्हिंग सेंटरमध्ये आमची दोरीवर पाळी होती. तीन आकड्यांना सुतळीचे तीन पदर लावायचे, पोरांनी हँडल फिरवायचं. पीळ बसत जातो तशी दोरी आखडते आणि दुसरं टोक धरून उभं असलेल्याला पुढे ओढत नेते. ते टोक माझ्याकडे. ताण जरा सैल पडला की दोरी जागच्या जागी अढ्या घेते. चौदा महिन्यांत माझ्या हातून एकदाही सुटली नव्हती.

हँडलला एक सहा-सात वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. फिरवता फिरवता तिने माझा 'सिस्टर गायकवाड' लिहिलेला काळा बिल्ला वाचला. म्हणाली, सिस्टर हे काही नाव नाही, तुझं खरं नाव काय? मी तोंड उघडलं आणि पुढे काही येईचना. तोवर ह्यांनी मान वर न करता सांगून टाकलं, हिचं नाव सुलभा. इंग्रजीतच सांगितलं, पण नाव आपल्या उच्चारात. भ ला पुरता भ. इथे कुणाला भ जमत नाही.

आणि मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, कोण आलं म्हणून! दोरी गेली हातातून.

एक्केचाळीस वर्षांत ह्यांनी मला 'अगं' म्हटलं, 'ऐकलं का' म्हटलं, मुलं झाल्यावर पोरांच्या नावाने हाक मारली. इथे आल्यापासून 'सिस्टर गायकवाड'. मिशनवर बाईला सिस्टर, पुरुषाला एल्डर, चारचौघांत तसंच म्हणायचं असतं, ते मला मान्य आहे. पण परवा घरात, मीठ मागतानासुद्धा 'सिस्टर' आलं तोंडातून. मी मीठ दिलं. बिल्ल्यावर आडनाव तेवढं, आणि तेही ह्यांचं. आई गेली, दादा गेला. पूर्ण नावाने हाक मारणारी नगरची ताई उरली, तर बाप्तिस्म्यानंतर तिने... जाऊ दे.

मला 'एल्डर' म्हणायला काही जड गेलं नाही. ह्यांचं नाव मी कधी घेतलं होतं?

काल रात्री फार वाईट वाटत होतं, लपवून काय करू. अठरा महिने स्वतःच्या पैशाने यायचं, भाडं आपलं, पेट्रोल आपलं. थंडीत मिसिसिपी गोठते तेव्हा काठावरच्या उघड्या झाडांवर गरुड बसलेले असतात, आणि त्यांना बघत आपण लांब घागरा आणि बॉनेट, म्हणजे जुन्या घाटाची बायकांची टोपी, घालून लोकांना त्यांच्याच पणजोबांच्या गोष्टी सांगायच्या. 2024 साली चर्चच्या संस्थापकाचं, जोसेफ स्मिथचं घर आणि ते लाल विटांचं दुकान चर्चकडे आलं, तेव्हापासून पाठ करायच्या गोष्टी आणखी वाढल्यात. सोमवारी विटा, बुधवारी दोरी, शनिवारी बेकरीत जिंजरब्रेड, त्यात टेंपलचा दिवस वेगळा. चर्चच्या नियमाने चहा नाही. गवती चहा, आलं आणि गूळ उकळून पिते, त्याला हे 'चहासारखं काहीतरी' म्हणतात. एवढं सगळं करायचं आणि करणारीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. उशीवर पडल्या पडल्या हेच घोळवत होते. ह्यांना विचारलं, तुम्ही आज माझं नाव घेतलंत. म्हणाले, कधी? आणि घोरायला लागले.

सकाळी मशीनपाशी बसले असताना एकदम आजी आठवली. आजीला शिवण शिकवलं ते नगरच्या मिशनमधल्या मडमेने. अमेरिकन मिशनरी नगरला आले 1831 साली. ह्या मॉर्मन लोकांनी नॉवू वसवायला घेतलं 1839 मध्ये, तेव्हा नदीकाठी नुसती दलदल होती. म्हणजे इथे दलदल उपसायच्या आधी आठ वर्षं अमेरिकेचं मिशन आमच्या दारात होतं! (हे मी एकदा टूरवर सांगितलं. कुणी हसलं नाही.) तर आजी त्या मडमेबद्दल मरेपर्यंत बोलायची. मडमसाहेबांचा हात असा, मडमसाहेबांचा टाका तसा, मडमसाहेबांना आंबा खाता येत नसे, कोपरापर्यंत रस ओघळे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, त्यांचं नाव काय गं? आजी जरा थांबली. म्हणाली, मडमसाहेबच की.

ती बाई समुद्र ओलांडून आली, आजीच्या हातात सुई देऊन गेली, आणि आमच्या घरात तिचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही. आता मडम मी. मला आंबा खाता येतो, एवढाच काय तो फरक. एकटीच हसत बसले. शेजारच्या मशीनवरच्या आयडाहोच्या सिस्टरने विचारलं, ऑल राइट? तिच्यासोबत वर्षभर माझ्या पोळ्या आणि तिचे 'पाय' (ते इथलं सारण भरून भाजलेलं) खाण्याचा उद्योग चाललाय, आणि तिचं पहिलं नाव मला माहीत नाही. विचारलं. लाजली बिचारी! मग सांगितलं. इथे लिहीत नाही, तिचं तिच्याजवळ.

त्या मुलीला आम्ही नवीन दोरी वळून दिली. अढ्या पडलेली माझ्या ॲप्रनच्या खिशातच राहिली होती, धुवायला टाकताना सापडली. कपड्यांच्या पिशवीची नाडी गेल्या महिन्यातच तुटली होती. तिथे ती ओवली. गाठींमुळे सरकत नाही, छान बसली.

मग इस्त्री करताना, का कोण जाणे, उखाणा सुचला. मोठ्यानेच म्हणून टाकला.

मिसिसिपीच्या काठी वळते तीन पदरांचा दोर,
...रावांचं नाव घेते बॉनेटवाल्यांसमोर.

मोकळ्या जागी खरं नाव घातलं, पुरतं, 'राव' लावून. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"काय गं? काही म्हणालीस?"

"काही नाही, एल्डर," म्हटलं, आणि कॉलर उलटी करून घेतली.