तुम्ही विचारलंत म्हणून: डोळे न उघडलेलं पिल्लू

काजूच्या हंगामात हा प्रश्न मला हमखास येतो. माळ्यावर, बागेत, तोडलेल्या झाडाच्या ढोलीत कुणाला तरी पिल्लू सापडलेलं असतं. कधी उदमांजराचं, कधी मुंगसाचं. आणि विचारणं एकच: "डोळे उघडायच्या आत आणलं तर ते आपलंच होतं ना? मग पाळायला काय हरकत?"

मी दहा वर्षांचा असताना काकांना कवळ, म्हणजे झाडाच्या पालेदार फांद्या, तोडताना रानकोंबडीची चार अंडी मिळाली. आजीने ती खुडूक कोंबडीखाली सरकवली. चारही फुटली. कण्या टाकल्या की कोंबडीची स्वतःची पिल्लं आमच्या पायांत घोटाळायची. ही चार मात्र माणसाची सावली पडली की सरपणाच्या ढिगात नाहीशी व्हायची. तीन मेली. चौथा नर जगला. त्याच्यासाठी मी वाळवी उकरून आणायचो आणि तो ती माझ्या तळहातावरून टिपायचा. चोचीचा तो हलका टोचा अजून आठवतो. मला वाटलं, माणसाळला. मग एका रात्री खुराड्याबाहेर कुत्रं भुंकलं. कोंबड्या कुरकुरल्या आणि गप्प बसल्या. तो मात्र वर उसळत राहिला, छपरावर डोकं आपटत. सकाळी खुराडं उघडलं तेव्हा त्याच्या डोक्याची कातडी सोललेली होती. दुपारपर्यंत तो गेला.

माझ्या मायेत काही कमी नव्हतं. तो माझ्या हाताला सरावला होता, पण भीती त्याच्या रक्तात होती, आणि ती एका आयुष्यात जात नाही. खुराड्यातल्या कोंबडीचे पूर्वजही रानातलेच, लाल रानकोंबडे. थायलंडमध्ये सापडलेली पाळीव कोंबडीची हाडं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. भाताच्या सांडलेल्या दाण्यांमागे ती माणसाजवळ आली, असं अभ्यासक मानतात. तिच्या कातडीचा पिवळा रंग तर आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली जनुकांवरून कळलं. म्हणजे नातं आहेच, पण मधे हजारो पिढ्या आहेत.

रशियात जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९पासून चंदेरी कोल्ह्यांना असं पिढ्यान्‌पिढ्या माणसाळवून पाहिलं. दर पिढीत माणसाला सर्वांत कमी बुजणारे कोल्हेच वीणीसाठी ठेवायचे, आणि पिल्लांना मुद्दाम फारसं हाताळायचं नाही. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्लं शेपूट हलवत माणसाचे हात चाटायला लागली. हा बदल निवडीने घडला, लाडाने नाही. तुमच्या खोक्यातलं पिल्लू पहिल्याच पिढीचं आहे.

कायद्याचं म्हणाल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवता येत नाही.

गेल्या चैत्रात शेजारच्या वहिनी चपलांच्या खोक्यात उदमांजराचं पिल्लू घेऊन आल्या. दूध पाजू का, म्हणाल्या. म्हटलं, "नको वहिनी. जिथून आणलंत तिथेच माळ्यावर ठेवा, खोकं उघडं असू दे, दिवा मालवा नि खाली या." वनविभागाला १९२६ वर कळवून ठेवलं. रात्री साडेअकराला वहिनींचा फोन आला, अगदी कुजबुजत: "भाऊ, आली हो. मानेला धरून नेलंन."