पासवर्ड दिला, पण शोधायचं कसं?
पाऊस लागला की लांजा-राजापूरकडची पोरं दोन-दोन दिवस कॉलेजला येत नाहीत, मग लायब्ररी उघडी ठेवून उपयोग काय? म्हणून आम्ही प्रत्येकाला एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररी सेवेचं, लॉगिन काढून देतो, घरबसल्या मोबाईलवर ई-बुक्स, जर्नल्स उघडतात. पण खरं काम त्यानंतरच सुरू होतं. परवा झूलॉजीची एक मुलगी आली, मॅडम चिंबोरी खेकड्यावर काहीच सापडत नाही म्हणाली, मी शेजारी बसले, शास्त्रीय नाव टाकायला लावलं, स्कायला सेराटा, आणि शोधगंगावर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, थेट प्रबंध निघाले! इतकी खूश झाली ती, मलाही दिवसभर बरं वाटलं. बाकी जुने वार्षिक अंक दमट हवेत बुरशी धरतायत, ते स्कॅन करून डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर चढवतेय, लेखक, साल, विषय एकेक नीट भरत, नाहीतर नंतर ती फाईल कुणाला सापडायची नाही.