पॅनल खराब नव्हतं

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरून तक्रार आली, नवा ४३ इंची टीव्ही बदलून द्या. टीव्ही बसवणं-दुरुस्त करणं हेच माझं काम, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधून निघालो.

काकाजी दारातच सुरू झाले. "भाऊ, अर्धा घंटा पाह्यला का डोळे जळून राहिले. पॅनल खराब हाय याचं."

आत गेलो तर आधी काही दिसेचना. उन्हासाठी खिडक्यांवर जाड चादरी, दिवे बंद आणि त्या अंधारात टीव्ही भगभगत होता. रिमोट घेतला. पिक्चर मोड 'व्हिव्हिड', बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, पूर्ण शंभरवर! हा मोड दुकानातल्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तिच्यात एवढा उजेड घुसला तर डोळे दुखणारच.

मग काकाजींच्या खुर्चीवर बसून पाहिलं. टीव्ही दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर ठोकलेला आणि शेजारच्या खिडकीतल्या कूलरचा झोत थेट तोंडावर. वर पाहताना पापण्या जास्त उघड्या राहतात, टीव्हीत गुंतलं की त्या मिटायच्याही कमी होतात. त्यात हा वारा. डोळ्यातलं पाणी टिकणार कसं? थोड्याच वेळात माझेही डोळे चुरचुरायला लागले.

"मी रोज सांगून राहिली, कूलरसमोर नका बसू," काकू आतून म्हणाल्या. काकाजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

कूलरच्या झडपा दुसरीकडे फिरवल्या. मोड 'सिनेमा' केला, बॅकलाइट निम्म्यावर आणला. टीव्हीमागे भिंतीवर उजेड पडेल असा एक लहान पांढरा एलईडी दिवा लावला, तो डोळ्यांत येऊ दिला नाही. ब्रॅकेट काढून बसल्या नजरेच्या उंचीवर घेतलं. जुन्या भिंतीची माती ड्रिलला अडकत होती, त्यातच तास गेला. अंतर सातेक फूट होतं, ठीकच. चष्म्याचा नंबर मात्र बरेच दिवसांत तपासला नव्हता, म्हणून मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, दाखवून या म्हटलं.

"पिवळा पडला ना बाप्पा टीव्ही!" काकाजी म्हणाले. व्हिव्हिडच्या निळसर चित्राला सरावलेले सगळेच पहिल्या दिवशी असं म्हणतात. दोन दिवस पाहा म्हटलं.

जॉबकार्डावर मी 'सेट ठीक' लिहिलं. काकाजींनी सही केली, आणि सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'रंग पिवळा.'