‘कंबर दुखते’ म्हणण्यात गेलेले आठ महिने

गेल्या गणपतीत इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला एका मैत्रिणीकडे आरती झाली, सतरंजीवर पानं मांडली आणि मला मांडी घालून बसताच येईना. उजवा गुडघा खाली टेकायच्या आत जांघेत अशी कळ आली की ताट उचलून मी सोफ्यावर जाऊन बसले. मोदक तोंडात आणि डोळ्यांत पाणी.

तोवर दुखणं सहा महिन्यांचं झालं होतं. मोजा घालताना, गाडीत बसल्यावर मागे राहिलेला उजवा पाय आत ओढून घेताना, रात्री कूस बदलताना. पडले नव्हते, काही जड उचललं नव्हतं.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, गाठायचा. माझी पहिली अपॉइंटमेंट फोनवर होती आणि फोनवर मी सांगितलं, ‘लोअर बॅक’. आपल्याकडे पोट आणि गुडघा यांच्या मधलं सगळं दुखणं म्हणजे कंबर. आईही तेच म्हणायची, ‘कंबर लचकली असेल गं, शेक घे.’ ‘हिप’ म्हणावं तर आपल्या इंग्रजीत हिप म्हणजे बसायची जागा. आणि जांघेतलं दुखणं अनोळखी पुरुष डॉक्टरला सांगायची मला लाज वाटली. लिहितानाही वाटतेय, पण लिहिते.

मग पाठीचे व्यायाम झाले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, ओटीपोटाची सोनोग्राफी झाली. ‘सगळं नॉर्मल आहे’ हे ऐकून खरं तर हायसं वाटायला हवं. मला रडू यायचं. नॉर्मल आहे, तर मग दुखतंय काय?

इंग्लंडात बऱ्याच भागांत फिजिओकडे आपली आपण नोंदणी करता येते, हे मला गणपतीनंतर कळलं. फिजिओ बाई म्हणाल्या, ‘बोलू नका, हाताने दाखवा.’ माझा हात आपोआप खुब्यावर गेला, अंगठा मागे आणि चार बोटं पुढे जांघेपर्यंत. त्या लगेच म्हणाल्या, खुब्याचा सांधा दुखणारी माणसं अशीच धरून दाखवतात, इंग्रजी ‘सी’च्या आकारात. मग मला उताणं झोपवून त्यांनी गुडघा छातीकडे वाकवला, डाव्या बाजूला नेला आणि पाऊल बाहेर वळवलं. कळ! तीच, तिथेच. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझं दुखणं माझ्याशिवाय आणखी कुणालातरी सापडलं होतं.

खुबा म्हणजे शाळेत शिकलो तो उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी. माझ्या हाडाच्या मानेशी थोडा जास्तीचा उंचवटा आहे. पाय वाकवून आत वळवला की तो वाटीच्या कडेच्या मऊ कुर्चेवर घासतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हा प्रकार सविस्तर मांडला, म्हणजे तसा अलीकडचाच. पण नुसत्या एक्स-रेच्या फोटोवरून निदान करायचं नाही, कारण असा उंचवटा काहीही न दुखणाऱ्या कितीतरी जणांना असतो. तक्रार, तपासणी आणि एक्स-रे किंवा एमआरआय, तिन्ही जुळायला हवं. हे २०१६ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवलं, ते माझ्या घराजवळच्या वॉरिक विद्यापीठाच्या पुढाकाराने. याचं मला उगाच अप्रूप वाटतं.

ऑपरेशन करायचं का? ब्रिटनमधल्याच २३ हॉस्पिटलांतल्या ३४८ रुग्णांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि फिजिओचे व्यायाम यांची तुलना झाली होती. २०१८ साली निष्कर्ष आले. वर्षभरात दोन्ही गट सुधारले, शस्त्रक्रियेचा थोडा जास्त. मी आधी व्यायाम निवडले. खुर्ची उंच केली, उकिडवं बसणं सोडलं. मोजा आता बसून, न कळवळता घालते.

जांघेत दुखतं म्हणजे प्रत्येकाला हेच असेल असं नाही. हर्निया असू शकतो, स्नायू असू शकतो, बायकांमध्ये गर्भाशयाच्या, अंडाशयाच्या तक्रारी असतात. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, ताप असेल किंवा जांघेत दुखरी गाठ लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

परवा व्हिडिओ कॉलवर हे सगळं आईला सांगत होते. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘माझी कंबर दोन वर्षं दुखतेय ना.’ म्हटलं, ‘आई, नक्की कुठे? हात ठेवून दाखव.’ तिने आधी मागे वळून बाबा खोलीत आहेत का ते पाहिलं. मग साडीच्या निऱ्यांच्या बाजूला, जांघेवर, अलगद हात ठेवला.