आय-80 महामार्ग, वायोमिंग: सीबीशिवाय लॅरामीच्या पुढे जाऊ नका

"सीबी कोण वापरतं आता? फोन आहे ना!" सीबी म्हणजे ट्रकवाल्यांचा एकमेकांशी बोलायचा रेडिओ. ट्रक ड्रायव्हरच्या ट्रेनिंगमध्ये मला हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना फेब्रुवारीत, रिकामा नाही पण हलका ट्रेलर देऊन, लॅरामी ते रॉलिन्स पाठवायला हवं. शंभर मैल. त्यानंतर बोलू.

माझी फेरी शिकागो ते सॅक्रामेंटो होती. इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रस्ता सरळ आहे, मक्याची शेतं कापलेली आहेत, कॉफी वाईट आहे. माल चिप्सच्या पाकिटांचा, म्हणजे 53 फुटी ट्रेलरमध्ये निम्मी हवाच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नेब्रास्कात थांबलो तेव्हा मन बदललं आणि ट्रक स्टॉपजवळच्या एका दुकानातून सीबी बसवून घेतला. सेट, अँटेना, बसवणूक मिळून 340 डॉलर, वर "पीक-ट्यून करून देतो", म्हणजे सेटची ताकद वाढवून देतो, म्हणून आणखी 60. हे 60 कोणालाही देऊ नका. सीबीला एएमवर 4 वॉटची कायदेशीर मर्यादा आहे. सेट उघडून ती वाढवली तर बेकायदा, नाही वाढवली तर पैसे कशाचे घेतले? ज्याची खरी गरज असते ते एसडब्ल्यूआर मोजणं त्या गृहस्थांनी केलंच नाही. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, ते त्यावरून कळतं. 1.5 च्या आत असेल तर उत्तम. 3 च्या वर गेलं तर बोलायचं बटण दाबूच नका, सेट जळू शकतो.

लॅरामीपर्यंत मला नुसती खरखर ऐकू येत होती. वाटलं, लोक म्हणत होते तेच खरं, कोणी बोलतच नाही. तिथे डिझेल भरताना शेजारच्या गाडीतल्या साठीच्या सरदारजींना सहज विचारलं. त्यांनी आपला मीटर आणून जोडला. सुई थेट लाल पट्ट्यात. "बेटा, तेरा रेडिओ बहरा भी है, गूंगा भी." अँटेनाची वायर दाराच्या बिजागरीत चेपून आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली होती. त्यांच्याकडे जुनी वायर होती, ती त्यांनी लावून दिली. सुई 1.4 वर आली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. दुकानाला 400 डॉलर आणि या माणसाला एक चहा, यावर मी अजून चरफडतो.

आता तो पट्टा. 1970 मध्ये आय-80 चा हा भाग खुला झाला. जुना हायवे 30 उत्तरेला मेडिसिन बोवरून वळसा घेतो. वीसेक मैल वाचवायला नवा रस्ता एल्क माउंटनच्या पायथ्याशी नेला. तिथला वारा माहीत असलेल्या स्थानिकांनी नको म्हटलं होतं. ड्रायव्हर लोकांनी व्हिएतनाम युद्धातल्या "हो ची मिन्ह ट्रेल"वरून त्याचं नाव "स्नो ची मिन्ह ट्रेल" ठेवलं, यात सगळं आलं. आकाश निळं असतं, वरून बर्फ पडत नसतो, पण जमिनीवरचा बर्फ वारा आडवा फेकत असतो आणि बॉनेटच्या पुढचं दिसत नाही.

पश्चिमेला जाताना मैलांचे आकडे उतरतात. आर्लिंग्टन 272 ला. ते मागे पडेपर्यंत ट्रेलर दोनदा हलला होता. फोनला रेंज नव्हती आणि नकाशा आधीचाच हिरवा रस्ता दाखवत होता. तेवढ्यात ट्रकवाल्यांच्या चॅनेल 19 वर, समोरून येणाऱ्या गाडीतून, एका बाईचा आवाज: "वेस्टबाउंड, 262 ला दोन गाड्या आडव्या, दोन्ही लेन बंद. 267 ला उतरा, मागच्यांना सांगा." तीच वाक्यं तिने तीनदा म्हटली. मी 267 ला, वॅगनहाउंडच्या रेस्ट एरियात शिरलो तेव्हा सात-आठ गाड्यांची जागा उरली होती. जे पुढे गेले ते रस्त्यावरच अडकले.

आपल्याकडे घाटात गाडी बंद पडली की मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात ना, तसाच हा प्रकार. फक्त ही फांदी पाच मैलांवरून ऐकू येते.

मग मीही बटण दाबून मागच्यांना सांगितलं. माझं इंग्रजी सांगलीचं. तरी "टेन-फोर (म्हणजे कळलं), थँक यू" असं उत्तर आलं, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: चॅनेल 19 लावून ठेवा. 9 फक्त आणीबाणीसाठी. कॅलिफोर्नियात आय-5 वर बरेच जण 17 वर असतात. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, खरखर थांबेल इतकंच फिरवा, जास्त फिरवलंत तर दूरचा माणूसही गप्प होतो. दिवसभर कोणी बोललं नाही तरी बंद करू नका. गर्दी खोळंबली की पाच मिनिटांत सगळे बोलायला लागतात. शिव्या आणि राजकारणही ऐकावं लागेल. "अॅलिगेटर" म्हणजे रस्त्यात पडलेला फाटका टायर, "चिकन कूप" म्हणजे वजनकाटा, "बेअर" म्हणजे पोलीस. कोणाला "गुड बडी" म्हणू नका, त्याचा अर्थ आता वेगळा झालाय. परवाना लागत नाही. आणि व्यावसायिक गाडी चालवताना फोन हातात धरायला 2012 पासून केंद्रीय बंदी आहे, सीबीच्या माइकला त्या नियमात सूट आहे. फोनवाल्यांना हे ऐकवा.

वायोमिंगचं 511, म्हणजे रस्त्यांची स्थिती सांगणारी सेवा, लॅरामीलाच बघा, रेंज असताना. "हलक्या, उंच गाड्यांना बंदी" लिहिलं असेल तर तुमचा चिप्सचा ट्रेलर त्यातच येतो. थांबा. रस्ता बंद असताना फाटक ओलांडलंत तर दंड आहे.

वॅगनहाउंडला माझे नियमाने मिळणारे ड्युटीचे 14 तास संपत आले, म्हणून तिथेच 10 तासांची विश्रांती टाकली. शौचालय आहे, खायला काही नाही. डबा बरोबर ठेवा. युटा आणि नेवाडा मला नीट आठवत नाहीत. सॅक्रामेंटोला माल एक दिवस उशिरा पोचला, एकही पाकीट फुटलं नव्हतं, आणि डिस्पॅचने, म्हणजे फेऱ्या ठरवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसने, दोनदा विचारलं की उशीर का झाला.