पोरगी ग्रीन्सबरोलाच का?

हल्ली लग्नाकार्यात मला हमखास विचारतात, "मॅडम, पोरगी अमेरिकेत कुठं असते?" मी सांगते, नॉर्थ कॅरोलिनात, ग्रीन्सबरोला, ए अँड टी विद्यापीठात. मग कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि आवाज बारीक करून विचारतं, "काळ्यांचं कॉलेज हाय व्हय?" परवा कोरेगावच्या कार्यालयात हेच झालं. पंगतीत बसून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

हो, ते काळ्या मुलांसाठी निघालेलं सरकारी विद्यापीठ आहे. त्याचं नाव घेताना साताऱ्याच्या माणसानं आवाज बारीक करावा, याचं मला फार वाईट वाटतं.

१८६२ च्या कायद्यानं अमेरिकेतल्या राज्यांना शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायला सरकारी जमिनी मिळाल्या. दक्षिणेतल्या राज्यांनी कॉलेजं काढली, पण काळ्या पोरांना दाराशी उभं केलं नाही. १८९० मध्ये दुसरा कायदा आला. प्रवेश देताना रंग बघू नका, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा, तरच पैसे मिळतील. नॉर्थ कॅरोलिनानं १८९१ मध्ये वेगळं कॉलेज काढलं, तेच हे. काळ्यांसाठी सुरू झालेल्या तिथल्या विद्यापीठांत आज सर्वांत जास्त विद्यार्थी इथंच शिकतात. प्रवेश देताना रंग बघत नाहीत, माझ्या मुलीलाही मिळाला.

माझे वडील माण तालुक्यातले. धनिणीच्या बागेतल्या शाहू बोर्डिंगमध्ये राहून शिकले. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पोरांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे वडील सांगायचे तेव्हा दर वेळी त्यांचा गळा दाटायचा. मी स्वतः रयतच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. म्हणून मुलगी दोन विद्यापीठांची पत्रं समोर ठेवून बसली, तेव्हा मीच म्हटलं, इथं जा.

गेल्या ऑक्टोबरात तिच्याकडं गेले होते, नेमक्या होमकमिंगच्या आठवड्यात. जुने विद्यार्थी देशभरातून येतात. मैदानाच्या कडेनं तंबू, तळलेल्या माशांचा वास, निळ्या-सोनेरी कपड्यांतल्या सत्तरीच्या बायका. त्यातल्या एकीनं माझ्या साडीचा पदर हातात घेऊन काठ निरखला आणि विचारलं, "तुमचं कोण शिकतंय इथं?" मुलगी म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, ताट भरून दिलं, आणि आपल्या वेळच्या वसतिगृहाच्या गोष्टी सांगत बसल्या. बँड आला तसा जमिनीतून ठोका पायात चढला. कुणी "ॲगी!" (इथल्या विद्यार्थ्यांचं लाडकं नाव) म्हणून ओरडलं की लांबून कुठूनतरी "प्राइड!" येतं. सगळ्यांच्या घरचंच कार्य असावं, तसा तो दिवस.

मुलीनं आवारातला चौघांचा पुतळा दाखवला. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील. पहिल्या वर्षाची पोरं. वसतिगृहाच्या खोलीत रात्र रात्र बोलून त्यांनी ठरवलं, आणि १ फेब्रुवारी १९६० ला गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या. मग गोऱ्यांसाठीच असलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. दिली नाही. दुकान बंद होईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं आली, आठवड्याच्या आत शेकडो. शेजारच्या बेनेट कॉलेजच्या मुलीही त्यात होत्या. जुलैत दुकानानं हार मानली. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे, काउंटर तिथंच आहे. मी त्यापुढं बराच वेळ उभी राहिले. वस्तू विकताना पैसे चालतात, बसायला माणूस चालत नाही, हे आपल्या गावच्या हॉटेलांतल्या वेगळ्या कपबश्यांनी आम्हाला दाखवलेलंच होतं.

चॅलेंजर अंतराळयान १९८६ मध्ये फुटलं, त्यातले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर इथूनच भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेतल्या नामांकित एमआयटी विद्यापीठात गेले होते. "दर्जा कसा आहे" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

मुलगी मातीवर संशोधन करते आणि पदवीच्या पोरांची प्रयोगशाळा घेते. तिच्या वर्गातली एक मुलगी रात्रभर गोदामात काम करून सकाळी आठला हजर असते. "आई, ती झोपत कधी असेल गं?" असं मला विचारते. माझी मुलगी तापानं दोन दिवस गेली नाही, तर तिच्या मार्गदर्शक बाईंनी फोन करून जेवलीस का विचारलं आणि संध्याकाळी सूप घेऊन दारात आल्या. हे सगळं तुटपुंज्या पैशांत चालतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारातल्या शिक्षण आणि शेती खात्याच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. त्यांचं म्हणणं, तीसेक वर्षांत राज्यांकडून १८९० च्या कायद्यातल्या या काळ्या विद्यापीठांना १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी दिले गेले, त्यात एकट्या ए अँड टीचे २ अब्जांहून जास्त. जुन्या प्रयोगशाळा, गळकी वसतिगृहं ही नशिबानं येत नाहीत, कुणीतरी पैसे अडवलेले असतात.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या लोकांना. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. या जिल्ह्यातल्या माणसाला ए अँड टी परकं वाटायचं कारणच नाही.

यंदा दहिवडीकडचा एक मुलगा तिथं अर्ज भरतोय. रविवारी घरी येतो, आम्ही तिघं फोनवर बसतो. असिस्टंटशिपबद्दल, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठात करायच्या पगारी कामाबद्दल, प्राध्यापकांना आधी पत्र लिहायचं, खोली आवाराजवळच बघायची, नोव्हेंबरच्या आत जाड जॅकेट घ्यायचं. आणखी कुणाला जायचं असेल तर खाली कळवा, माझी मुलगी स्वतः बोलेल.